गोल इतरांचे, वाट ब्रँडनची

मडगाव : गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते; त्या गोलाची वाट आखणारा आक्रमक मध्यरक्षक बहुधा नोंदीबाहेरच राहतो. गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसची कारकीर्द म्हणूनच त्याच्या पासांवरून वाचावी लागते. ५ सप्टेंबर २०१९ रोजी गुवाहाटीत ओमानविरुद्ध उंच चेंडूची अपेक्षा असताना त्याने फ्री किक जमिनीलगत सरकवली आणि सुनील छेत्रीने गोल केला. भारत तो सामना १-२ असा हरला. नोव्हेंबरमध्ये दुशान्बे येथे अफगाणिस्तानविरुद्ध भरपाई वेळेत बरोबरी झाली, तीही त्याच्याच कॉर्नरवर. इंडियन सुपर लीगमधील क्लब ही जागा बहुधा परदेशी खेळाडूंना देतात. राष्ट्रीय संघाला मात्र ती भारतीयांतूनच भरावी लागते.