‘कोपर्निक’ : एका विरळ पोलिश आडनावाचे मूळ आणि प्रसार

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून फुटणाऱ्या एका रस्त्यास ‘कोपर्निकस मार्ग’ असे नाव आहे. त्या रस्त्याने नित्य जाणाऱ्यांस हे नाव कोणाचे हे ठाऊक असते. परंतु ज्याचे म्हणून ते ओळखले जाते त्याला त्याच्या घरी कोणी ‘कोपर्निकस’ म्हणत नसे, हे सहसा ठाऊक नसते. ‘-उस’ हा शेवटचा तुकडा लॅटिन भाषेतील पुल्लिंगी प्रथमेचा प्रत्यय आहे. तो इंग्रजीच्या वाटेने भारतीय भाषांत आला आणि येथे नावाचाच भाग होऊन बसला. मराठी लेखक ‘कोपर्निकसने’, ‘कोपर्निकसचा’ असे लिहितो, तेव्हा एका लॅटिन विभक्तीवर तो मराठी विभक्ती चढवीत असतो. पोलिश भाषेत मात्र मूळ शब्द ‘कोपर्निक’ एवढाच असून त्याची रूपे ‘कोपर्निका’, ‘कोपर्निकोवी’, ‘कोपर्निकेम’ अशी चालतात.

पोलंडमध्ये हे आडनाव आजही क्वचित आढळते. त्या देशातील सर्वाधिक प्रचलित आडनाव ‘नोवाक’ होय. ते लावणारे सुमारे दोन लक्ष लोक आहेत. ‘नोवाक’ म्हणजे नव्याने येऊन राहिलेला. गावोगावी कोणी ना कोणी नवा येतच असल्यामुळे हे नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले. लोहार या अर्थाच्या ‘कोवाल’ शब्दापासून झालेल्या ‘कोवाल्स्की’ची गोष्टही तशीच. याउलट, जे नाव एकाच लहानशा खेड्यावरून पडले त्याची संख्या त्या खेड्यातून बाहेर पडलेल्या माणसांच्या आणि त्यांच्या पुत्रसंततीच्या मर्यादेतच राहणार. ‘कोपर्निक’ हे दुसऱ्या वर्गातील आडनाव आहे.

ते खेडे आज ‘कोपर्निकी’ या नावाने ओळखले जाते. नैर्ऋत्य पोलंडमधील सायलीशिया प्रांतात निसा या शहराच्या दक्षिणेस सुमारे 10 किलोमीटरांवर ते वसलेले आहे. तेथून चेक सरहद्दही जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. मध्ययुगात हा मुलूख निसाच्या संस्थानात मोडत असे आणि त्याचे स्वामित्व व्रोत्सवावच्या बिशपांकडे होते. जुन्या दप्तरांत गावाचे नाव कोपर्निक, कोपिर्निक, कोप्पिर्निक असे निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेले सापडते. जर्मन अंमलात ते ‘क्योपर्निग’ झाले. 1945 नंतर हा प्रदेश पोलंडकडे आला, जर्मन वस्ती मोठ्या प्रमाणावर बाहेर घालविली गेली आणि तिच्या जागी बहुतांशी पूर्वेकडून आलेले पोलिश लोक वसविले गेले. म्हणून आडनावाचे मूळ शोधीत कोणी आज त्या परिसरात गेला, तर त्यास गाव भेटेल. पण गाव आणि तेथील माणसे यांचा जुना धागा मधल्या काळात तुटलेला आहे.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती हा वादाचा विषय आहे. ‘कोपर’ या पोलिश शब्दाचा अर्थ शेपू. शेपूची पाने पोलिश स्वयंपाकात बटाट्यांवर, मासळीवर आणि खारवलेल्या काकड्यांत सढळ हाताने वापरतात. या शब्दास ‘-निक’ हा कर्तृवाचक प्रत्यय लागला म्हणजे ‘कोपर्निक’ होते. ‘ओग्रूद’ म्हणजे बाग, यावरून ‘ओग्रोद्निक’ म्हणजे माळी. त्याच न्यायाने ‘कोपर्निक’ म्हणजे शेपू लावणारा वा विकणारा. आणि ‘कोपर्निकी’ हे त्याचे अनेकवचन, म्हणजे शेपूवाल्यांची वस्ती. पोलंडमध्ये अनेकवचनी ग्रामनामे विपुल आहेत. राजाला किंवा सरदाराला विशिष्ट वस्तू वा सेवा पुरविण्याचे बंधन ज्या वस्त्यांवर होते त्यांना तसली नावे पडत: श्चित्निकी म्हणजे ढाली करणाऱ्यांचे गाव, पिएकारी म्हणजे भटारांचे गाव. महाराष्ट्रातील वाचकास बलुतेदारीची आठवण येथे होईल; परंतु भेद असा, की तेथे एकेक गावच एकेका कामासाठी नेमलेले असे.

दुसरे मत गावाचा संबंध तांब्याशी लावते. जर्मन भाषेत तांब्यास ‘कुप्फर’ म्हणतात. या मताला लोकप्रियता लाभण्याचे कारण उघड आहे: ज्योतिर्विदाचा पिता तांब्याचा व्यापारी होता. कथा इतकी सुबक जुळते, की ती खरीच असावी असे वाटू लागते. परंतु काळाचा क्रम येथे आड येतो. आडनाव कुटुंबाला गावावरून मिळाले, ते चौदाव्या शतकात; आणि बापाच्या व्यापाराच्या नोंदी पंधराव्या शतकाच्या आहेत. धंद्यावरून नाव पडले असे म्हणावयाचे, तर आधी गावालाच तो धंदा चिकटवावा लागेल. शिवाय पोलिश भाषेत तांब्याला ‘म्येच’ हा अगदी निराळा शब्द आहे. तेव्हा तांब्याचा अर्थ घ्यावयाचा तर जर्मन धातूला स्लाव प्रत्यय लागला असे मानावे लागते. द्विभाषिक सायलीशियात हे अशक्य नाही, मात्र शेपूची व्युत्पत्ती अधिक सरळ आहे एवढे म्हणता येते. थोरामोठ्यांच्या नावात धातूचे तेज शोधण्याची हौस सर्वत्र आढळते. भाजीच्या जुडीत ते कोणी शोधीत नाही.

गावावरून माणसाला नाव पडणे मराठी भाषकांस नवे नाही. ‘-कर’ प्रत्ययाने ते काम शतकानुशतके केले आहे. पोलिश भाषेत या कामासाठी ‘-स्की’ हा विशेषणाचा प्रत्यय आहे: तार्नूव गावाचा तो तार्नोव्स्की. हा प्रत्यय प्रथम जमीनदार उमरावांत रूढ झाला, कारण त्यांच्यापाशी नाव घेण्याजोगे गाव मालकीचे असे. ज्याच्यापाशी गाव नव्हते, जो गाव सोडून शहरात आला होता, त्याला शहराचा कारकून दुसऱ्याच रीतीने ओळखी: ‘कोपर्निकचा निकलास’. पुढे षष्ठीही गळून पडली आणि ‘निकलास कोपर्निक’ एवढेच उरले. ‘सातारकर’ न म्हणता नुसते ‘सातारा’ म्हणावे, तसा हा प्रकार. जर्मन आणि लॅटिन वळणाच्या नगरदप्तरांत ही पद्धत रूढ होती. म्हणून ‘कोपर्निक’ या आडनावाच्या प्रत्ययहीन रूपातच त्याचा सामाजिक इतिहास दडलेला आहे: हे उमरावाचे नव्हे, स्थलांतरित नागरिकाचे नाव आहे. ‘कोपर्निकी’ला ‘-स्की’ जोडून जे रूप व्हावे त्याच्याशी ताडता येण्याजोगे ‘कोपर्नित्स्की’ हे आडनावही पोलंडमध्ये आहे. मानवशास्त्रज्ञ इझिडोर कोपर्नित्स्की (1825–1891) यांनी ते विद्वानांत परिचित केले. पोलंडमधील रोमा लोकांच्या कथा व भाषा यांचा संग्रह त्यांनी केला होता. आणि रोमा लोकांची भाषा भारतीय आर्य कुळातील असल्यामुळे भारतीय भाषाभ्यासकांस हे नाव परके वाटू नये.

कोपर्निकीतून निघालेल्या माणसांची वाट व्यापाराची वाट होती. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून क्राकूव येथे हे नाव नोंदले गेलेले दिसते. सायलीशियातील इतर नगरांतही ते आढळते, आणि 1400 च्या सुमारास ते उत्तरेस व्हिस्तुला नदीकाठच्या तोरुन शहरी पोहोचलेले आहे. दक्षिणेकडील डोंगराळ भागातून निघालेले तांबे क्राकूवला यावयाचे आणि नदीमार्गाने ग्दान्स्कच्या बंदरात जावयाचे. ज्योतिर्विदाचा पिता निकलास याच मालाचा व्यापार करी. 1458 च्या सुमारास तो क्राकूव सोडून तोरुनला स्थायिक झाला. ट्यूटॉनिक सरदारसंघ आणि पोलंडचा राजा यांच्यातील तेरा वर्षांचे युद्ध (1454–1466) तेव्हा चालू होते व तोरुनने राजाचा पक्ष घेतला होता. तेथील वाट्सेनरोडे या संपन्न घराण्यातील बार्बरा हिच्याशी त्याने विवाह केला. त्यांच्या चार अपत्यांपैकी धाकटा मिकोवाय 19 फेब्रुवारी 1473 रोजी जन्मला.

या एकाच माणसाचे आडनाव किती तऱ्हांनी लिहिले गेले ते पाहण्यासारखे आहे. 1480 च्या सुमारास तोरुनच्या दप्तरात पित्याचे नाव ‘निकलास कोप्पर्निग्क’ असे आहे. 1491 साली क्राकूवच्या विद्यापीठात पुत्राची नोंद झाली, ती आडनावाशिवायच: तोरुनचा, निकोलाउसचा मुलगा निकोलाउस. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव ही त्रयी पुरेशी वाटत होती. पेशवेकालीन महजरात शोभावी अशीच ही पद्धत. 1496 साली इटलीत बोलोन्या येथे जर्मन विद्यार्थिसंघाच्या वहीत तो ‘कोप्पर्लिंग्क’ झाला. पादुआत त्याने ‘कोपर्निक’ अशी सही केली. 1503 मध्ये फेरारा येथे धर्मविधीची डॉक्टर ही पदवी मिळाली, त्या लेखात इटालियन लेखनिकाने ‘कोपर्निख’ असे लिहिले. पुढे लॅटिन रूप ठरत गेले, तेही दोन ‘प’ असलेले ‘कोप्पर्निकुस’: तपासलेल्या 31 कागदपत्रांपैकी 23 मध्ये दोन ‘प’ आढळतात. उतारवयात तो एकच ‘प’ लिहू लागला. 1543 साली न्यूरेंबर्ग येथे त्याचा महाग्रंथ छापला गेला, तेव्हा मुखपृष्ठावर षष्ठीतील ‘कोपेर्निकी’ हे एका ‘प’चे रूप आले आणि मुद्रणाने ते कायम केले. योगायोग असा, की षष्ठीचे हे लॅटिन रूप आणि त्या सायलीशियन खेड्याचे आजचे नाव उच्चाराने जवळजवळ एक आहेत.

शुद्धलेखनाविषयी ज्याने स्वतः फारसा आग्रह धरला नाही, त्याच्या नावातील एका अक्षरावरून पुढे राष्ट्रे भांडली. लेओपोल्ड प्रोवे या जर्मन चरित्रकाराने 1883–84 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या चरित्रात दोन ‘प’ कटाक्षाने राखले. जर्मन पक्षाला दुहेरी ‘प’ आणि ‘-ग्क’ हे वर्ण जर्मन नागरिकत्वाची खूण वाटत. पोलिश पक्ष ‘-निक’ या स्लाव प्रत्ययाकडे बोट दाखवी. बोलोन्याच्या जर्मन संघातील नोंदही एका बाजूने पुढे केली जाई. वस्तुतः तेथील ‘राष्ट्र’ या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांचा संघ एवढाच होता, आणि शब्दाची व्युत्पत्ती हे माणसाच्या निष्ठेचे प्रमाणपत्र नव्हे. जर्मन बोलणाऱ्या नगरात वाढलेला, लॅटिनमध्ये लिहिणारा, पोलिश राजाचा प्रजाजन असलेला हा पुरुष एकोणिसाव्या शतकाच्या चौकटीत बसत नाही, हा दोष त्याचा नाही.

भांडण केवळ पंडितांचे राहिले नाही. वॉर्सा येथे तोर्वाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराने घडविलेला त्याचा पुतळा 1830 मध्ये उभारला गेला. त्यावर दोन बाजूंना दोन भाषांतील लेख आहेत: लॅटिनमध्ये ‘निकोलाओ कोपेर्निको’ यास कृतज्ञ मातृभूमीने, आणि पोलिशमध्ये ‘मिकोवायोवी कोपर्निकोवी’ यास देशबांधवांनी. दोन्ही चतुर्थीची रूपे. दुसऱ्या महायुद्धात नाझी सत्तेने हा लेख झाकून त्यावर जर्मन पाटी बसविली. 11 फेब्रुवारी 1942 रोजी माचेय अलेक्सी दाविदोव्स्की या भूमिगत संघटनेतील तरुणाने तिचे स्क्रू काढून ती उतरविली. जर्मनांनी सूड म्हणून शहरातील किलिन्स्की या पोलिश वीराचा पुतळा हलविला. दाविदोव्स्की पुढील वर्षी एका धाडसी सुटकेच्या हल्ल्यात झालेल्या जखमांनी मरण पावला. आडनावाच्या एका रूपासाठी पत्करलेली ही जोखीम होती, आणि ते रूप काय सांगते हे दोन्ही बाजूंना नेमके ठाऊक होते.

तोरुनच्या घराण्यात आडनाव टिकले नाही, याची कारणे साधी आहेत. पिता 1483 च्या सुमारास वारला आणि मुलांचा सांभाळ मामाने, पुढे वार्मियाचा बिशप झालेल्या लुकास वाट्सेनरोडे याने केला. त्याच्या आश्रयाने आंद्रेयास आणि मिकोवाय हे दोघेही बंधू फ्रॉम्बोर्कच्या कॅथीड्रलमध्ये धर्माधिकारी झाले; अर्थात दोघेही अविवाहित राहिले. थोरली बहीण बार्बरा बेनेडिक्टाइन जोगीण झाली. दुसरी, कातारीना, हिचा विवाह बार्तेल गेर्टनर या व्यापाऱ्याशी झाला व तिला पाच मुले झाली. त्यांची काळजी मामाने शेवटपर्यंत वाहिली. पण ती मुले गेर्टनर होती. 24 मे 1543 रोजी मिकोवाय निवर्तला, तेव्हा या शाखेतून नाव संपले.

मग आज ‘कोपर्निक’ आडनाव लावणारे कोण? क्राकूव आणि सायलीशियातील अन्य शाखांचे वंशज त्यांत असणे शक्य आहे. पण सर्वांना त्या एका कुळात बसविता येणार नाही. पोलिश शेतकऱ्यांत आडनाव वंशपरंपरेने स्थिर झाले ते बरेच उशिरा. पोलंडची फाळणी करून घेतलेल्या राज्यांच्या कायद्यांनी आणि जन्ममृत्यूच्या दप्तरांनी ते पक्के केले. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील भागात ज्यूंनी आडनाव घेतलेच पाहिजे असा हुकूम 1787 मध्ये निघाला. अशा वेळी शेपू पिकविणाऱ्या एखाद्या कुळाला किंवा टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या माणसाला तेच नाव स्वतंत्रपणे चिकटलेले असू शकते. विसाव्या शतकाच्या अखेरीस कझिमिएझ रिमुत यांनी लोकसंख्या-नोंदवहीच्या आधारे पोलंडमधील आडनावांचा दहा खंडांचा कोश सिद्ध केला. असा कोश नाव कोणत्या जिल्ह्यात किती हे दाखवितो; ते तेथे कोणाकडून आले हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

याची गंमतीशीर प्रचीती फ्रॉम्बोर्कमध्ये आली. 2005 मध्ये कॅथीड्रलच्या फरशीखाली एका वृद्ध पुरुषाची कवटी व अस्थी सापडल्या. ओळख पटविण्यासाठी वंशज हवे होते, पण ते मिळण्याजोगे नव्हते. अखेर ज्योतिर्विदाच्या वापरातील एका पंचांगग्रंथाच्या पानांत अडकलेले केस उपयोगी पडले. हा ग्रंथ स्वीडिश सैन्याच्या लुटीतून उप्साला येथे गेला होता. केसांतील आणि दातातील जे आनुवंशिक द्रव्य जुळले, ते केवळ आईकडून अपत्याकडे येणारे होते. म्हणजे अस्थींची ओळख पटली ती बार्बरा वाट्सेनरोडे हिच्या वारशावरून. 22 मे 2010 रोजी त्यांचे पुन्हा दफन करण्यात आले. वडिलांकडून येणारा वारसा, ज्याच्याबरोबर आडनावही चालते, त्याची तुलना करावयास त्या शाखेचा पुरुषवंशज कोणीच उरलेला नाही.