विटेचा साचा आणि विकिपीडियाचा साचा

तेल्हाऱ्याकडे वीटभट्टीवर लाकडी साचा आपण पाहिला असेलच. चिखल भरला, साचा उचलला की वीट मोकळी. पुढे साचा दुरुस्त केला तरी आधी पाडलेल्या विटा काही बदलत नाहीत. मराठी विकिपीडियावरही ‘साचा’ नावाची सोय आहे. तिचे वागणे मात्र नेमके उलटे असते, आणि नावामुळे नवशिक्याची फसगत होते.

अकोला जिल्ह्यातील तालुक्यांवर सात लेख आहेत असे समजू. प्रत्येकाच्या तळाशी अकोट, तेल्हारा, अकोला, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर ही यादी हवी. ती सातदा न लिहिता एका वेगळ्या पानावर लिहितात, तोच साचा. लेखात केवळ त्याचे नाव, दुहेरी महिरपी कंसांत. पान तयार करताना विकिपीडियाचा संगणक यादी आणून त्या जागी बसवतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. मराठी विकिपीडिया २००३ सालचा. तो तेव्हा असता, तर यादी एकाच ठिकाणी बदलून भागले असते.

नावाआधी ‘सब्स्ट’ आणि अपूर्णविराम लिहिला, तर मात्र मजकुराची नक्कल लेखात कायमची उतरते. मग साचा बदला, लेख जुनाच राहतो. ही खरी वीट! स्वागताच्या निरोपाला ती चालेल, तालुक्यांच्या यादीला नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. साचा कसा वापरावा याची सूचना मी साच्याच्याच पानावर लिहिली आणि तो धूळपाटीवर लावून पाहिला. यादीखाली माझी सूचनाही हजर! असा मजकूर ‘नोइन्क्लूड’ या खुणांच्या जोडीत ठेवावा लागतो. मग तो लेखात उतरत नाही. वर्गाचेही तसेच. साच्यांचा वर्ग या खुणांबाहेर राहिला, की तेल्हाऱ्याचा लेख साच्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

साच्यात त्याचेच नाव लिहिले तर? संगणक ते चक्र ओळखून थांबतो व चूक दाखवतो. पण तक्ता बंद करण्याचे चिन्ह विसरले, तर तो थांबवत नाही. साचा जेथे जेथे लावला आहे त्या प्रत्येक लेखाची मांडणी विस्कटू शकते. म्हणून फार वापरातले साचे सर्वांना बदलता येत नाहीत. इतर साच्यांना हात लावण्यापूर्वी ‘येथे काय जोडले आहे’ हा दुवा उघडावा. किती पाने त्या साच्यावर अवलंबून आहेत ते तेथे दिसते.