कॅटेनिन

कॅटेनिन हा प्राण्यांच्या पेशींमध्ये आढळणारा प्रथिनांचा एक गट आहे. पेशीपटलात रुतलेल्या कॅडेरिन या प्रथिनाला पेशीच्या आतील ॲक्टिन तंतूंशी जोडणे हे या गटाचे प्रमुख कार्य होय. या जोडणीमुळे शेजारच्या पेशी एकमेकींना धरून राहतात आणि त्वचा, आतड्याचे अस्तर यांसारख्या ऊती अखंड राहतात. गटातील बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात जाऊन जनुकांच्या कार्यावरही नियंत्रण ठेवते. या कार्यांत बिघाड झाल्यास कर्करोग, हृदयविकार आणि मेंदूच्या वाढीतील दोष उद्भवू शकतात.

नाव व शोध

‘कॅटेना’ या साखळी अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले आहे. जर्मनीत रोल्फ केम्लर व त्यांच्या सहकाऱ्यांना ई-कॅडेरिनच्या पेशीतील टोकाशी बांधलेली तीन प्रथिने आढळली. १९८९ मध्ये त्यांनी त्यांना अल्फा, बीटा आणि गॅमा-कॅटेनिन अशी नावे दिली. गॅमा-कॅटेनिन म्हणजेच प्लॅकोग्लोबिन, हे पुढे स्पष्ट झाले. पी-१२० हे प्रथिनही नंतर याच गटात गणले जाऊ लागले. बीटा-कॅटेनिन हे फळमाशीतील ‘आर्माडिलो’ या प्रथिनाचे समरूप आहे.

पेशी-आसंजनातील कार्य

दोन शेजारच्या पेशींवरील कॅडेरिन रेणू कॅल्शियमच्या साहाय्याने एकमेकांत गुंततात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सुट्या करताना कॅल्शियम काढून घेणारे रसायन वापरतात, ते याच कारणामुळे. मात्र बाहेरची गुंफण पुरेशी नसते. तिला आतून आधार लागतो. कॅडेरिनच्या आतील टोकाला बीटा-कॅटेनिन बांधले जाते, बीटा-कॅटेनिनला अल्फा-कॅटेनिन आणि अल्फा-कॅटेनिनला ॲक्टिन तंतू. ताण पडला की अल्फा-कॅटेनिनची ॲक्टिनवरील पकड अधिक टिकाऊ होते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. पी-१२० कॅडेरिनच्या पटलालगतच्या भागाला बांधले जाते व त्याला पेशीत ओढले जाऊन नष्ट होण्यापासून वाचवते. प्लॅकोग्लोबिन हे डेस्मोसोम या अधिक बळकट सांध्यांचाही घटक आहे. असे सांधे त्वचेत आणि हृदयस्नायूत विपुल असतात.

विंट संकेतमार्ग

कॅडेरिनशी न जोडलेले बीटा-कॅटेनिन पेशीद्रव्यात फार काळ टिकत नाही. एपीसी, ॲक्सिन, जीएसके-३ आणि सीके-१ या प्रथिनांचा संच त्यावर फॉस्फेटची खूण करतो आणि खूण झालेला रेणू प्रोटिआसोममध्ये नष्ट होतो. विंट या संकेत-प्रथिनाचा निरोप पेशीला मिळाला की हा संच निष्प्रभ होतो. मग साठलेले बीटा-कॅटेनिन केंद्रकात शिरते आणि टीसीएफ गटातील प्रथिनांच्या जोडीने पेशीविभाजनाशी संबंधित जनुके चालू करते. भ्रूणाची वाढ आणि आतड्याच्या अस्तराचे सततचे नूतनीकरण यांसाठी ही क्रिया आवश्यक असते.

आजारांशी संबंध

एपीसी जनुक निकामी झाल्यास विंटचा निरोप नसतानाही बीटा-कॅटेनिन साठत राहते. मोठे आतडे व गुदाशय यांच्या बहुसंख्य कर्करोगांत हा बिघाड आढळतो. सदोष एपीसी जनुक जन्मतःच मिळालेल्या व्यक्तींच्या आतड्यात शेकडो गाठी होतात. वेळीच शस्त्रक्रिया न केल्यास त्यांचे कर्करोगात रूपांतर जवळजवळ अटळ असते. यकृत व गर्भाशयाच्या अस्तराच्या काही कर्करोगांत खुद्द बीटा-कॅटेनिनच्या जनुकात उत्परिवर्तन होते.

आसंजन सुटल्यानेही कर्करोग बळावतो. ई-कॅडेरिन किंवा अल्फा-कॅटेनिनच्या जनुकातील आनुवंशिक दोषामुळे जठराचा पसरट स्वरूपाचा कर्करोग होऊ शकतो. प्लॅकोग्लोबिनच्या जनुकातील दोषामुळे होणाऱ्या नॅक्सोस आजारात केस लोकरीसारखे असतात, तळहात व तळपायांची त्वचा जाड होते आणि हृदयाची लय बिघडून अकाली मृत्यू ओढवू शकतो.

उपचारांच्या दृष्टीने बीटा-कॅटेनिन हे अवघड लक्ष्य आहे. ते सर्वत्र रोखल्यास निरोगी ऊतींचे नूतनीकरणही थांबण्याचा धोका असतो.

पुण्यातील संशोधन

पुण्यात गणेशखिंड येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी-१ या जनुक-नियामक प्रथिनाचा अभ्यास केला. सॅटबी-१ बीटा-कॅटेनिनला आपल्या नियंत्रणातील जनुकांपर्यंत आणते आणि रोगप्रतिकारक टी पेशींच्या एका प्रकाराच्या घडणीत ही जोडी भाग घेते, असे या गटाने २०१० मध्ये मांडले. पुढे पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) काम करताना या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सॅटबी-१ व बीटा-कॅटेनिन एकमेकांचे प्रमाण वाढवतात, हे दाखवले. याच संस्थेत गोड्या पाण्यातील हायड्रा या प्राण्यावरही बीटा-कॅटेनिनचा अभ्यास झाला आहे. हायड्राच्या डोक्याची जागा विंट मार्गाने ठरते. हा मार्ग कृत्रिमरीत्या सर्वत्र चालू केल्यास त्याच्या धडावर भलत्या ठिकाणी शुंडके उगवतात. त्यावरून शरीराचा अक्ष ठरवण्याचे बीटा-कॅटेनिनचे कार्य उत्क्रांतीच्या दृष्टीने अतिप्राचीन असल्याचे दिसते.