हात आखडता घेणारा डॉक्टर

लंडन : उन्हाळी सुट्टी जवळ आली की इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, एक मागणी हटकून येते. विमानाची धास्ती वाटते, डायझेपामच्या दोन-चार गोळ्या लिहून द्या! कितीतरी दवाखान्यांनी आता सूचनाच लावली आहे : मिळणार नाहीत. खाली कारणेही असतात. गुंगीतला प्रवासी आणीबाणीत जागचा हलणार नाही. तासन्‌तास निपचित बसल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. काहीजण तर शांत होण्याऐवजी उलट बिथरतात.

नव्याने आलेल्या भारतीयाला हा कद्रूपणा वाटतो. पण हा देश दुधाने तोंड पोळलेला आहे. १९६० च्या दशकात हेच डायझेपाम ‘व्हॅलियम’ या नावाने आले आणि इथल्या डॉक्टरांनी ते वर्षानुवर्षे सढळ हाताने वाटले. गोळी सुटता सुटेना, तेव्हा डोळे उघडले. प्रा. हेदर ॲश्टन यांनी न्यूकॅसलमध्ये १९८२ ते १९९४ या काळात केवळ ती सोडवण्यासाठी क्लिनिक चालवले. १९८८ मध्ये सरकारी औषध-सुरक्षा समितीने बजावले : त्रास तीव्र असेल तरच द्या, आणि तीही दोन ते चार आठवडेच. साधे प्रिस्क्रिप्शन इथे सहा महिने चालते. डायझेपामचे २८ दिवसांत बाद होते.

मात्र ॲश्टनबाईंचा खरा धडा गोळी नाकारण्याचा नव्हता, सावकाश सोडवण्याचा होता. व्यसनाच्या भीतीने जुनी गोळी एकदम बंद केली तर झोप उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटही येते. म्हणून डोस थोडाथोडा, रुग्णाला झेपेल त्या गतीने उतरवायचा. २०२२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतही हेच आहे. निद्रानाशावर गोळीऐवजी आधी मानसोपचार सुचवतात. त्यासाठी बरेचदा ताटकळावे लागते, हेही खरे. नुसत्या नकाराने प्रश्न मिटत नाही. स्कॉटलंडमध्ये रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या बनावट ‘व्हॅलियम’ने अनेकांचे जीव घेतले. त्या गोळ्यांत बरेचदा एटिझोलाम हे त्याच जातकुळीचे औषध सापडे.

हेच एटिझोलाम आपल्याकडे डॉक्टर झोपेसाठी लिहून देतात. ब्रिटनमध्ये त्याला औषध म्हणून परवानाच नाही आणि २०१७ पासून ते नियंत्रित अमली पदार्थांत मोडते. तेव्हा मुलांकडे सहा महिने राहायला येणाऱ्या आई-वडिलांनी रोजच्या गोळीचे नाव निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना दाखवावे. बदलायची असेल तर वेळ हाताशी राहतो. आणि इथे आल्यावर मुलाने घाबरून स्ट्रिप कचऱ्यात टाकू नये; आधी जीपी गाठावा.