डाउनलोडचं सॉफ्टवेअर: इन्स्टॉल करायचं की पोर्टेबल वापरायचं?

मोठी फाईल मधेच तुटली तरी पुढून सुरू व्हावी म्हणून अनेकजण क्यूबिटटोरेंट वापरतात. विंडोजवर ते दोन पद्धतींनी चालतं. कोणती निवडायची, हे कॉम्प्युटर कुणाचा आहे त्यावर ठरवा.

घरचा कॉम्प्युटर: सरळ इन्स्टॉल करा. मॅग्नेट लिंकवर क्लिक केलं की सॉफ्टवेअर उघडतं आणि नको झाल्यास सेटिंगमधून रीतसर काढता येतं.

लॅब किंवा ऑफिस: इथं इन्स्टॉल करताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतात. अशा वेळी पोर्टेबल कामाला येतं. प्रोग्रॅमचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्यातल्या एक्झी फाईलशेजारी इंग्रजीत 'प्रोफाइल' नावाचं रिकामं फोल्डर बनवा. मग सेटिंग आणि अर्धवट डाउनलोडची नोंद त्यातच राहते. मात्र पासवर्ड लागला नाही म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. आधी विचारा.

पेनड्राइव्ह तपासा: तो फॅट३२ असेल तर कितीही जागा रिकामी असली तरी ४ जीबीची एक फाईल त्यावर बसत नाही. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप फाईल याहून मोठी आहे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यास ही अडचण जाते, पण आतला सगळा डेटाही जातो. म्हणून आधी कॉपी काढून ठेवा.

पद्धत कुठलीही असो, सॉफ्टवेअर मूळ वेबसाइटवरूनच घ्या. भलत्याच साइटवरच्या 'पोर्टेबल' फाईलमधून व्हायरस आला, तर तो पेनड्राइव्हबरोबर घरापर्यंत पोचतो.