नवजात ताऱ्यांची नाडी

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमान असलेला तारा कसा जन्मास येतो, हा खगोलशास्त्रांतील एक बिकट प्रश्न आहे. असे तारे संख्येनें थोडे, बहुधा फार दूर, आणि त्यांचें बाल्य घनदाट धूलिमेघांच्या उदरांत सरतें. साधा प्रकाश त्या धुळींतून बाहेर पडूं शकत नाहीं. सूतिकागृहाचें दार असें बंद असल्यामुळें आंत काय चाललें आहे, हें बाहेर येणाऱ्या आवाजावरूनच ताडावें लागतें. तो आवाज रेडिओ-लहरींच्या रूपानें येतो. त्यांतील एका विशेष प्रकारास मेसर म्हणतात.

प्रत्येक रेणूला ऊर्जेच्या ठराविक पायऱ्या असतात. सामान्यतः खालच्या पायरीवर रेणू अधिक व वरच्या पायरीवर कमी. बाहेरून ऊर्जा पुरवून हें प्रमाण उलटें केलें, तर योग्य लांबीची लहर जवळून जातांच वरचा रेणू खालीं उतरतो व अगदीं तशीच दुसरी लहर सोडतो. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, अशी लहर बळावत जाते. अमेरिकेंत चार्ल्स टाउन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५४ सालीं अमोनिया वायूच्या साह्यानें हें करून दाखविलें. पुढें १९६५ सालीं निसर्गही हाच प्रयोग आकाशांत करीत असल्याचें आढळलें. १९९१ सालीं कार्ल मेंटेन यांनीं मेथॅनॉलच्या, म्हणजे काष्ठजन्य मद्यार्काच्या, रेणूंपासून निघणाऱ्या ४.५ सेंटिमीटर लहरींचा प्रखर मेसर शोधून काढला. तो मोठ्या नवजात ताऱ्यांच्या परिसरांतच आढळतो. ताऱ्यानें तापविलेल्या धुळीचे उष्णकिरण त्याला ऊर्जा पुरवितात.

दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्गजवळ हार्टेबीस्टहूक येथें २६ मीटर व्यासाची रेडिओ-दुर्बीण आहे. १९६१ सालीं ती अमेरिकन अंतराळयानांशीं संपर्क ठेवण्यासाठीं उभारली गेली. तिच्या साह्यानें १९९९ पासून ५४ मेसरांवर चार वर्षांहून अधिक काळ नजर ठेवण्यांत आली. मेसर कमीजास्त होतात हें ठाऊक होतेंच. परंतु त्यांपैकीं ७ मेसर ठराविक कालानें उजळतात व मंदावतात, असें गुडहार्ट, गेलार्ड आणि व्हान डेर वॉल्ट या संशोधकांना दिसून आलें. धनु राशींतील, सुमारें १७,००० प्रकाशवर्षें दूरचा ‘जी ९.६२’ हा मेसर दर २४४ दिवसांच्या सुमारास उसळी घेतो.

ही नाडी कशामुळें चालते? मेसर हा ध्वनिवर्धकासारखा आहे. ध्वनिवर्धकाचा आवाज वाढला, तर एक तर गायकानें स्वर चढविला असेल, किंवा यंत्रास मिळणारी वीज वाढली असेल. येथेंही असेच दोन तर्क आहेत. पहिला तर्क जोडताऱ्यांचा. दीर्घ कक्षेंत फिरणारे दोन तारे जवळ आले कीं त्यांच्यापासून वाहणारे वायूचे झोत आदळतात. त्यांतून निघणाऱ्या तीव्र किरणांनीं भोंवतालच्या हायड्रोजनचे अणू फुटतात, आणि मेसरांत शिरणारी मूळ लहरच जोरकस होते. तारे दूर गेल्यावर फुटलेले अणू सावकाश पुन्हां जुळतात. ‘जी ९.६२’ झपाट्यानें चढतो व हळूहळू उतरतो, हें या तर्काशीं जुळतें.

दुसरा तर्क ऊर्जेच्या पुरवठ्याचा. वायू अधाशीपणें गिळणारा तारा फुगून अस्थिर होतो व आकुंचन-प्रसरण पावूं लागतो. किंवा त्यावर पडणारा वायूच कालांतरानें कमीजास्त होतो. दोन्ही प्रकारीं धूळ तापते व निवते. वृषपर्वा या तारकासमूहांतील एक मेसर सुमारें ३४.५ दिवसांनीं उजळतो. पोलंडमधील टोरून येथील संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें कीं, तेथें मेथॅनॉलचा मेसर चढला असतां पाण्याचा मेसर उतरलेला असतो. मूळ लहरच वाढली असती तर दोन्हींचा जोर वाढणें अपेक्षित होतें. म्हणून तेथें धुळीचें तापमान बदलत असावें असें मानतात.

हा वाद केवळ ठोक्यांच्या कारणापुरता नाहीं. प्रचंड तारे एकटे जन्मतात कीं जोडीनें, आणि वायू एकसारखा गिळतात कीं घोटाघोटानें, याचें उत्तर त्यांत दडलेलें आहे. श्वसनासारखें आकुंचन-प्रसरण हेंच कारण ठरलें, तर ठोक्यांमधील अंतरावरून न दिसणाऱ्या ताऱ्याच्या तेजाचाही अंदाज बांधतां येईल. सर्वच मेसरांना एकच कारण लागू पडेल, असेंही नाहीं.

निर्णयास वेळ लागतो, कारण ‘जी ९.६२’चे दहा ठोके मोजावयाचे तर जवळजवळ सात वर्षें लागतात. २००८ सालीं हार्टेबीस्टहूकच्या दुर्बिणीचें एक मुख्य बेअरिंग निकामी झालें आणि ती थांबली. २०१० मध्यें दुरुस्त होऊन ती पुन्हां आकाशाकडे वळली. तेवढ्या अवधींत कांहीं ठोके तिला टिपतां आले नाहींत. मेसरांचें चक्र मात्र चालूच होतें.