आकडा मोठा, डाव बरोबरीत

बुद्धिबळाचा प्रोग्रॅम ‘अधिक तीन’ दाखवतो, म्हणजे पांढरा जिंकणारच, असं आपण धरून चालतो. डावाच्या शेवटच्या टप्प्यात मात्र हा आकडा जपून वाचावा.

पांढऱ्याकडे राजा, पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट आणि एच पट्टीतलं प्यादं. काळ्याकडे नुसता राजा. तरीही काळा राजा एच-८ च्या कोपऱ्यात पोहोचला की डाव बरोबरीत. ते घर काळं, त्यामुळे उंट त्याला तिथून हुसकावूच शकत नाही. फार जवळ जाऊन कोंडलं, तर शह नसताना खेळीच उरत नाही, म्हणजे पुन्हा बरोबरीच. ही स्थिती आजच्या प्रोग्रॅमना ठाऊक असते. पण मोहरी जास्त असली आणि तटबंदी अशीच अभेद्य असली, की ते फसतात. कितीही खोल पाहिलं तरी शेवटी जादा मोहरं हाताशी दिसतंच, म्हणून आकडा चढाच राहतो. आत शिरायला वाटच नाही, हे माणसाला आधी दिसतं.

उलटंही घडतं. १९९८ साली लिनारेसमध्ये टोपालोवविरुद्ध शिरोवने उंट चक्क प्याद्याच्या तोंडी दिला, राजाला एक खेळी वाचवण्यासाठी, आणि जिंकला. त्या काळच्या प्रोग्रॅमना ही खेळी सुचत नव्हती.

राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची अचूक उत्तरं आता कोष्टकांत तयार आहेत. आठव्या मोहऱ्यापासून पुढे मात्र बहुतेक वेळा अंदाजच असतो.